तेरवीच्या आत: विदर्भातल्या खेड्यातली घरगुती रहस्यकथा लिहायला बसताना

माझी पहिली रहस्यकथा एका दिवाळी अंकाकडून परत आली. सोबत दोन शब्द, "साभार परत". कारण कळलं ते शेजारच्या काकूंना वाचायला दिल्यावर. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "थो बुढा रात्री वावरात कायले गेला होता?"

"पाणी ओलायला," म्हणजे पिकाला पाणी द्यायला, मी म्हटलं.

"चैतात? गहू तं कवाचाच निघाला असन. कायले ओलते थो, धसकटं?"

तिसऱ्या पानावर कथा मेली होती आणि मी पुढची बावीस पानं लिहीत बसलो होतो. तेव्हापासून गेल्या काही वर्षांत बऱ्याच नवशिक्यांची हस्तलिखितं वाचली. चुका साधारण त्याच: शहरातली कथा उचलून खेड्यात ठेवलेली, फ्लॅटच्या जागी वाडा, लिफ्टच्या जागी विहीर. हा लेख अशांसाठी, ज्यांनी अजून एकही रहस्यकथा पुरी केलेली नाही आणि ज्यांची पहिली विदर्भातल्या एखाद्या खटल्यात घडणार आहे. खटलं म्हणजे कोर्टातलं नव्हे, मोठं शेतकरी घर. कधीकधी दोन्ही एकच असतं, ते सोडा.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. शहरातल्या खुन्याला मृतदेह लपवावा लागतो. खेड्यातल्या खुन्याला फक्त कारण निवडावं लागतं. विहिरीत पाय घसरला, साप चावला, मोटरच्या पेटीत करंट उतरला, रानडुकरांसाठी कुंपणात सोडलेल्या तारेला हात लागला, फवारताना विषबाधा झाली. ही सगळी मरणं आपल्याकडे खरोखर होतात. २०१७ च्या खरिपात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर दगावले. म्हणून असं मरण आलं की गाव प्रश्न विचारत नाही, मान हलवतं. तुमचा खुनी त्या मान हलवण्यामागे लपतो. तुमचं काम एकच: सगळ्यांना पटलेल्या कारणाचा एक धागा सुटा ठेवायचा.

पहिली पायरी: जिल्हा, पीक, महिना आणि साल

पात्रांच्या आधी हे ठरवा. "विदर्भातलं एक गाव" असं काही नसतं. वरुड-मोर्शीकडे संत्र्याचे बगीचे, यवतमाळ-वर्ध्याकडे पऱ्हाटी (म्हणजे कपाशी), तूर आणि सोयाबीन, भंडारा-गोंदियाकडे धान आणि मालगुजारी तलाव. बुडून मरायचं तर भंडाऱ्यात तलाव किंवा बोडी (छोटं तळं) हाताशी आहे. इकडे वऱ्हाडात विहीर. गडचिरोली-चंद्रपूरकडे गेलात तर जंगल आलं, वाघ आला, वनखातं आलं, आणि कथा दुसऱ्याच वाटेला लागली.

पीक ठरलं की कोण कुठे असायला हवं ते आपोआप ठरतं. पऱ्हाटीच्या वेचणीत घरातल्या बाया दिवसभर वावरात असतात, घरी फक्त बुढी आणि लहान पोट्टे. पोळ्याला सालदारासकट (वर्षाच्या बोलीवरच्या गड्यासकट) सगळे गावात. महालक्ष्म्यांना आंबील, सोळा भाज्या आणि एकमेकांशी न बोलणारे भाऊसुद्धा एका पंगतीत. कोणी कुठे होतं याचा खरा साक्षीदार खेड्यात पंचांग असतं.

साल का ठरवायचं? कारण वीज. कृषिपंपाला दिवसाकाठी आठ तास लाईन मिळते आणि बऱ्याच ठिकाणी आठवड्यातले काही दिवस ती रात्री असते. ही रात्रीची लाईन म्हणजे रहस्यकथाकाराला मिळालेलं दानच. जानेवारीच्या थंडीत, बारा वाजता, एकटा माणूस गावापासून दीड किलोमीटरवर काय करतोय याचं उत्तर द्यावंच लागत नाही. पण त्याच शेतात तुम्ही सौर पंप दाखवलात तर संपलं, तो रात्री चालत नाही. गेल्या काही वर्षांत सौर पंप पुष्कळ बसले आहेत. कथा आजची असेल तर या विहिरीवर तो का नाही, हे एका वाक्यात सांगून टाका.

दुसरी पायरी: मरण असं रचा की शेतकऱ्यालाच ते खटकेल

इथे थोडं थांबतो. नवशिक्यांची सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. ते पुरावा म्हणून बटण ठेवतात, फाटलेली चिठ्ठी ठेवतात, हातातून निसटलेलं लॉकेट ठेवतात. सिनेमातलं सामान. तुमच्या गावात जे रोज असतं त्यातूनच खूण काढा.

एक उदाहरण घेऊ आणि ते शेवटपर्यंत चालवू. पात्रांना नावं देत नाही. घरात तरी कोण कोणाला नावानं हाक मारतं?

जानेवारी. सत्तरी ओलांडलेले मामाजी, म्हणजे सासरे, रात्री गव्हाला पाणी द्यायला गेले. सकाळी विहिरीत सापडले. डोक्याला मार, पण विहिरीचे दगड आहेतच. पाय घसरला, दव पडलं होतं, वय झालं होतं. पोलीस पाटील आले, ठाण्याला फोन झाला, गाव जमलं. विहिरीभोवतीची माती शेदोनशे पायांनी तुडवून सपाट केली.

विहिरीच्या काठाकडे सगळे गेले. वावराच्या खालच्या टोकाला कोणीच गेलं नाही. तिसऱ्या दिवशी धाकटी सून जाते, बैलाला कडबा आणायच्या निमित्ताने. ती ओलिताच्या घरातली लेक आहे. तिला दिसतं: मामाजींचा फावडा पहिल्या वाफ्याच्या तोंडाशी पडलाय. आणि सात वाफे भिजलेत. नुसते भिजले नाहीत, एकेक भरल्यावर त्याचं तोंड मातीने नीट बंद करून पाणी पुढच्यात मोडलेलं आहे.

मोटर लाईन आल्यावर आपोआप सुरू झाली असेल, ऑटो स्विच असतो. पाणी आपोआप येईल. पण पाणी आपोआप वाफा बदलत नाही. मामाजी पहिल्या वाफ्यापाशीच थांबले असतील, तर पुढचे सहा कोणी भरले? विहिरीत माणूस पडलाय हे माहीत असूनही लाईन जाईपर्यंत कोणीतरी तिथे उभं राहून पाणी मोडत होतं. का? कारण त्या माणसाला पाणी वाया जाताना बघवेना. जन्मभराची सवय.

ही खूण बाहेरून बदलून आलेल्या पीएसआयला दिसणार नाही, शहरातल्या वाचकाला सांगावी लागेल, आणि गावातला वाचक ती वाचून पान खाली ठेवेल. शिवाय ती खुन्याचा स्वभावही सांगते. अशी एक खूण सापडेपर्यंत लिहायला बसू नका, महिना गेला तरी चालेल. (गहू स्प्रिंकलरवर असेल तर वाफे नसतात; तिथे पाईप आणि नोझल उचलून पुढे लावावे लागतात. खूण तीच, वस्तू वेगळी.)

विष वापरणार असाल तर औषधाचं नाव, मात्रा, किती वेळात काय होतं, यातलं काही लिहू नका. कथेला त्याची गरज नसते. डबा कोणत्या फळीवर होता आणि आज तो कुठे आहे एवढं पुरतं. आणि शेतकऱ्याची आत्महत्या ही वातावरणनिर्मितीसाठी वापरायची गोष्ट नाही. ती कथेत यायची असेल तर त्या घरासकट येऊ द्या.

तिसरी पायरी: घराचा नकाशा कागदावर काढा

खरंच काढा, पेन्सिलीने. सपरी (ओसरी), बैठक, माजघर, सैपाकघर, मागे न्हाणी, कोठा (गोठा), आणि भाव येईपर्यंत कापूस भरून ठेवलेली खोली. कोण कुठे झोपतं ते लिहा. कोणती कडी वाजते, कोणतं दार पावसाळ्यात फुगतं, कुत्रं कोणावर भुंकत नाही.

कापसाची खोली तर सोन्याची खाण आहे. छतापर्यंत कापूस, त्यात काहीही दडवता येतं, आणि महिनोन्‌महिने साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते हे प्रत्येक घराला माहीत. तेरवीला आलेला जावई हाताचं मनगट खाजवत बसला असेल तर त्याबद्दल एक शब्दही बोलू नका. सून बघेल, वाचकही बघेल.

चौथी पायरी: गुपित कागदावर आणा

घरगुती रहस्यकथेत गुपित म्हटलं की लोक लगेच प्रेमप्रकरणाकडे धावतात. असू द्या एखादं. पण आपल्याकडे घर दुभंगतं ते वावरावरून आणि धुऱ्यावरून (बांधावरून), आणि वावराचं सगळं कुठेतरी लिहिलेलं असतं. सातबारा, आठ-अ, फेरफार. हे तीन कागद स्वतःच्या घरचे काढून एकदा वाचा. फेरफाराच्या नोंदी म्हणजे घराण्याची डायरी आहे. कोण कधी मेलं, कोणाचं नाव लागलं, कोणाचं कमी झालं, आणि ज्या आत्याबद्दल घरात कोणी बोलत नाही तिचं नाव कोणत्या साली कोणत्या क्रमांकाने उडालं.

लेकींच्या वाट्याचा भाग समजून घ्या. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क देणारी हिंदू उत्तराधिकार कायद्यातली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली. बाप त्या तारखेला हयात असायलाच हवा का, हा घोळ सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला मिटवला: हयात असणं गरजेचं नाही. कायदा असा आणि घरं अशी, की भाऊबीजेला साडी नेसवायची आणि महिन्याभरात हक्कसोडपत्रावर सही घ्यायची. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. तिथे फोटो निघतो, अंगठा उमटतो, आणि "हीच ती बाई" म्हणून ओळख देणारे दोघे सही करतात.

आता आपल्या उदाहरणाकडे. सुनेच्या हाती २००६ सालच्या हक्कसोडपत्राची नक्कल लागते. मामाजींच्या बहिणीने, म्हणजे आत्याने, आपला हिस्सा दोघा भावांना, मामाजी आणि काकाजींना, सोडून दिलाय. दस्तावर आत्याचं नाव आहे. फोटोत डोक्यावर पदर घेतलेली बाई आहे. ती आत्या नाही. ती सुनेची सासू आहे, तेव्हाची.

बघा काय झालं. मामाजी मेले ते या कागदामुळे. मरायच्या आधी त्यांना तो दुरुस्त करायचा होता. पण त्या कागदाने फायदा दोन्ही भावांचा झाला, तोतया म्हणून सासू उभी राहिली, आणि ओळख द्यायला गावातले दोघे सोबत गेले. त्यातला एक आज पोलीस पाटील आहे. कोणी एकटं दोषी नाही आणि कोणी सुटाही नाही. गुपित असं निवडा की ते फोडणाऱ्याच्या ताटातली भाकरही त्याच वावरातली निघावी. सुनेचा नवरा त्याच हिश्श्याचा वारस आहे, हे तिला कागद वाचतानाच कळायला हवं.

पैशाचा हिशेबही इथेच लावून घ्या. शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून वारसांना २ लाख रुपये मिळतात. बुडून मरण त्यात येतं, आत्महत्या येत नाही. आत्महत्येसाठी वेगळी १ लाखाची मदत, तीही जिल्हा समितीने प्रकरण "पात्र" ठरवलं तर. म्हणजे पंचनाम्यातल्या एका शब्दाला भाव आहे. अपघाताच्या योजनेत वयाची मर्यादा १० ते ७५. आता गावातल्या म्हाताऱ्यांची आधार कार्डं आठवा, अर्ध्यांचा जन्म १ जानेवारीचा. मामाजी ७४ चे की ७६ चे, यावर घरातले दोघे हळू आवाजात बोलताना सुनेने ऐकलं तर एक प्रकरण तिथेच तयार होतं.

आणि हे लक्षात ठेवा: हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे खून करणाऱ्याला त्या मयताचा वारसा मिळत नाही. पात्रांना हे ठाऊक नसलं तरी चालेल. लेखकाला ठाऊक हवं.

पाचवी पायरी: घड्याळ म्हणून तेरवी वापरा

बर्फात अडकलेलं हॉटेल, बंद पडलेली आगगाडी, अशा युक्त्या बाहेरच्या कथांत असतात. आपल्याकडे सुतक आहे. तेरा दिवस घर बंदच असतं. लेकी आलेल्या, जावई येऊन-जाऊन, भावकी सपरीत बसलेली, चूल पेटली तरी फोडणी नाही. मातीवरून परतल्यावर शेजाऱ्यांकडून कडू घास येतो. राख सावडणं, दहावा, तेरवी. प्रत्येक दिवशी कोणीतरी नवं येतं आणि प्रत्येक दिवशी बायांना माजघरात, पुरुषांना सपरीत बसावं लागतं. बातम्या दोन्ही खोल्यांत वेगवेगळ्या फिरतात. तुमची सून चहाचा ट्रे घेऊन दोन्हीकडे जाऊ शकते. तेवढाच तिचा परवाना.

याला जोडून दुसरं घड्याळ: वारस फेरफार. तलाठ्याकडे (हुद्द्याचं नाव २०२४ पासून बदललंय, लोक तलाठी किंवा पटवारीच म्हणतात) अर्ज गेला की नोटीस निघते आणि हरकतीला १५ दिवस असतात. तेरवीच्या आधीच कोणी अर्ज दिला असेल, तर गाव त्यावर बोलेल. एवढी कसली घाई?

सहावी पायरी: पोलीस थोडेच, पण बरोबर

विदर्भातल्या ठाण्यांत संशयास्पद किंवा अकस्मात मृत्यूला "मर्ग" म्हणतात. मर्ग दाखल होतो, मरणोत्तर पंचनामा होतो, प्रेत शवविच्छेदनाला ग्रामीण रुग्णालयात जातं. १ जुलै २०२४ च्या आधीची कथा असेल तर फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४, नंतरची असेल तर नागरिक सुरक्षा संहितेचं १९४. खुनाचं कलमही तेव्हाच ३०२ चं १०३ झालं. पात्राच्या तोंडी मात्र "तीनशे दोन" राहू द्या, गाव अजून तेच म्हणतं.

मयत बाई असेल आणि लग्नाला सात वर्षं झाली नसतील, तर चौकशीत कार्यकारी दंडाधिकारी येतो, म्हणजे तहसीलदार किंवा नायब तहसीलदार. हे विसरलेल्या कथा मी कितीतरी वाचल्यात. व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने) नागपूर किंवा अमरावतीच्या प्रयोगशाळेत जातो आणि अहवाल सहसा तेरवीच्या आत येत नाही, जे तुमच्या पथ्यावरच पडतं. मोबाईल टॉवरवर भिस्त ठेवू नका. एका टॉवरखाली घर, वावर आणि शेजारची दोन गावंसुद्धा येतात.

सातवी पायरी: बोली

निवेदन तुमच्या नेहमीच्या मराठीत ठेवा, बोलणं वऱ्हाडीत. भंडारा-गडचिरोलीकडची कथा असेल तर झाडीबोली. दोन्हींची खिचडी नको. आणि वऱ्हाडी म्हणजे विनोद, हा रंगमंचावरून आलेला समज बाहेर ठेवून या. या बोलीत माणसं फार थोडं बोलून विषय बदलतात, तो तुमच्या कामाचा गुण.

"आई, मामाजी कव्हा गेले वावरात?"

"लाईन आली तव्हा."

"अन् काकाजी?"

सासूने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "भाकर खाऊन घे. थंडी होऊन रायली."

इथे "सासू दचकली" असं लिहिलंत तर सगळं गेलं. लाकूड मागे ओढलं एवढं बस आहे. जाऊ, नणंद, भासरे (नवऱ्याचे मोठे भाऊ), काकाजी, मोठी माय: कोण कोणासमोर पदर घेतं, कोण कोणाशी थेट बोलत नाही, हे नात्याचे नियम तुमच्या संवादाला आपोआप ताण देतात. सून भासऱ्यांना थेट प्रश्न विचारू शकत नाही. तिला तो लेकरातर्फे विचारावा लागतो: "जाय, मोठ्या बाबाले विचार, त्या रात्री बॅटरी कोणाजवळ होती." मोठे बाबा लेकराकडे बघतात, मग दाराआडच्या पदराकडे.

आणि छापायला पाठवायच्या आधी

खर्डा दोघांना वाचायला द्या. एक, तेरा दिवस सुतकातल्या घरात राबलेली बाई. दुसरा, रात्रीच्या लाईनीवर पाणी ओलणारा माणूस. साहित्यातलं कळणारे मित्र नंतर.

वाफ्यांचं हे उदाहरण मी आमच्याकडच्या एका ओलितवाल्याला सांगितलं होतं. ऐकून घेतलं, तंबाखू मळली, म्हणाला, "सातवा वाफा अर्धाच भिजला असन."

"का?"

"लाईन गेली ना पहाटे. पुरा भिजला असन, तं मंग लाईन कव्हा गेली थे सबस्टेशनात विचारा लागन."

सबस्टेशनच्या रजिस्टरात लाईन सोडल्याची आणि बंद केल्याची वेळ लिहिलेली असते, हे मला सुचलंच नव्हतं. चौथं प्रकरण पुन्हा लिहायला घेतलंय.